मागच्या सतरंजीवर

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४४. चार एकर कोरडवाहू वावर, नवरा, सासू, बारा वर्षांची मुलगी. गावातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जेमतेम तीस-पस्तीस घरं. ताई सतरा वर्षं संडे स्कूल घेतात आणि महिला मंडळाची वहीही त्यांच्याकडेच होती. नोव्हेंबरात हंगामाची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना झाली. ताईंनी पायलीभर मूग आणि परसातला एक दुधी भोपळा अर्पणाला नेला. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा भोपळ्याला कोणी बोली लावेना. "घ्या ना बाप्पा कोणी, दहाच रुपये!" असं पुढून कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. त्याच दिवशी मंदिराला, म्हणजे चर्चच्या इमारतीला, स्पीकर-माइकचा संच देणाऱ्या एका कुटुंबाचं नाव रकमेसकट वाचलं गेलं, शाल दिली गेली आणि पुढे त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात महिला मंडळाची वही त्या घरच्या सुनेकडे गेली. ताईंनी मंडळीच्या एका वडिलांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, विचारलं, "रकमा वाचायची गरज काय होती?" उत्तर आलं, "ताई, नम्र राहा. विश्वासणाऱ्या बाईला हे शोभत नाही."

तेव्हापासून ताई सगळ्यात मागच्या सतरंजीवर बसतात. गात नाहीत, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घेत नाहीत. त्या लिहितात, "मी नम्रपणे गप्प बसली आहे, पण आतून जळते. तीन महिने झाले, एकानेही विचारलं नाही. नवरा म्हणतो, तालुक्याच्या प्रार्थना भवनात जाऊ. मी गप्प राहू की जाऊ? आणि हे जळणं म्हणजे माझा गर्वच आहे का?"

उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

भोपळ्यापासूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रात स्पीकरच्या संचावर चार ओळी आहेत आणि भोपळ्यावर दीड पान. आषाढात वेल कुठे लावला, माकडांपासून कसा राखला, सासूबाईंनी पहिलं फळ देवाचं म्हणून कसं बाजूला ठेवायला सांगितलं, हे सगळं तुम्ही लिहिलंत. ते वाचताना मला पुढे बसून हसणाऱ्या माणसांचा राग आला. वेदीसमोर ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याची उरत नाही, ती देवाची होते. तिच्यावर हसू झालं तेव्हा पुढे उभं असलेल्यांपैकी कोणीतरी ते थांबवायला हवं होतं. ते चुकलं, ताई. बाकीचं सगळं बोलण्याआधी एवढं सरळ सांगून ठेवते, कारण तुम्हाला हे आजवर कोणी सांगितलेलं दिसत नाही.

हा लिलाव मी लहानपणापासून पाहिला आहे. माझं बालपणही विदर्भातल्या अशाच एका मंडळीत गेलं. ज्यांच्या हाती रोकड नसे, ते वस्तू आणत. कोणी कोंबडी, कोणी कापसाचं गाठोडं, कोणी चार संत्री. माझे वडील शाळामास्तर होते. एका वर्षी एका म्हाताऱ्या बाईने एकच अंडं आणलं होतं. वडिलांनी ते चढ्या बोलीने घेतलं आणि लगेच परत अर्पण केलं. दुसऱ्याने घेतलं, त्यानेही परत ठेवलं. ते एक अंडं त्या दुपारी सहा वेळा विकलं गेलं आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त पैसा त्याचाच आला. त्या म्हातारीचा चेहरा मला अजून आठवतो. त्या प्रथेत एवढी माया मावू शकते. म्हणून लिलाव बंद करा असं मी एकदम म्हणणार नाही. तुमच्या भोपळ्यालाही असा एखादा मास्तर भेटायला हवा होता.

आता त्या शब्दाकडे येते. नम्र राहा.

आपल्या भाषेत नमणं वेगळं आणि वाकवणं वेगळं. नमणारा स्वतःहून नमतो. वाकवायला दुसऱ्याचा हात मानेवर लागतो. आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आज्या-पणज्यांना गावाने पिढ्यानपिढ्या वाकवलं. वाड्यासमोरून जाताना पायातलं हातात घ्यायला लावलं, विहिरीवर दूर उभं केलं. त्या माणसांसाठी मंदिरातली सतरंजी ही पहिली जागा होती जिथे सगळ्यांच्या बरोबरीने मांडी घालून बसता आलं. तुमच्या घरचा इतिहास तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून मी अंदाज करत नाही. पण अशा मातीत कोणी वरच्या जागेवरून खालच्याला "नम्र राहा" म्हणतो, तेव्हा त्या शब्दावर जुनं ओझं येतं. बाईला म्हणतो तेव्हा तर दुप्पट येतं, कारण तिला घरीही तेच ऐकवलेलं असतं. नम्रता ही ज्याची त्याने आपल्यापुरती मागायची गोष्ट आहे. दुसऱ्याला ती वाढायला गेलं की पानात अपमानच पडतो. त्या वडिलांचा हेतू वाईट असेलच असं नाही. बहुधा ते गोंधळले आणि प्रश्न टाळायला हाताशी होता तो शब्द त्यांनी पुढे केला. पण प्रश्न टळला नाही. तो तुमच्या पोटात जाऊन बसला.

तुम्ही संडे स्कूलमध्ये मुलांना येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट शिकवली असेल. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. त्यातलं एक वाक्य आपण घाईत ओलांडून जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे ओळखून येशू जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला, असं तिथे लिहिलं आहे. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असलेला माणूसच इतका खाली बसू शकतो. स्वतःला कस्पटासमान मानून कोणी पाय धुतले, तर ती चाकरी झाली.

आणि त्याच रात्रीची दुसरी गोष्ट आहे, अठराव्या अध्यायात. येशूला बांधून प्रमुख याजकापुढे उभं केलं आहे. तो उत्तर देतो, तर जवळचा एक शिपाई त्याला चापट मारतो, प्रमुख याजकाला असं उत्तर देतोस का म्हणून. येशू त्याला विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? पाय धुणारा आणि हा प्रश्न विचारणारा एकच आहे, आणि मधे काही तासच गेले आहेत. प्रश्न विचारल्याने त्याची नम्रता कुठे कमी झाली नाही. तेव्हा रकमा का वाचता, हे विचारल्याने तुमचीही झालेली नाही. तुमचा प्रश्न रास्त होता. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणं, यावर झणझणीत लिहिलं आहे. पहिल्या शतकातल्या मंडळीतही खुर्च्यांचा हा प्रश्न होता.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता थोडं बोचेल असं विचारते. तेही तुमच्याच बाजूने आहे असं समजून ऐका.

तुम्ही मागे जाऊन बसलात, ती नम्रता आहे का? लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो, मेजवानीला बोलावलं तर शेवटच्या जागेवर बस. पण त्या जागेवर बसून डोळा दाराकडे लागला असेल, आता कोणी येईल आणि "ताई, पुढे या ना" म्हणेल, तर अंग मागे असतं आणि मन पुढच्या खुर्चीतच असतं. तुमचंच वाक्य आहे, "तीन महिने झाले, एकानेही विचारलं नाही." या वाक्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी हे स्वतः केलं आहे म्हणून मला ते ओळखू आलं. एका नाताळात मी गायचं म्हणून ठरलेलं गीत ऐन वेळी दुसरीला दिलं गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, घसा बसला आहे. आठ महिने मी गायनसंघात गेले नाही आणि आठ महिने कोणीतरी समजूत काढायला येईल म्हणून वाट पाहिली. त्या दिवसांत माझी प्रार्थनाही खरी राहिली नव्हती. बोलत देवाशी होते, पण कान बाहेरच्या फाटकाकडे असायचे. तुमच्या गप्प बसण्यात असं काही मिसळलं आहे का, ते तुम्हीच पाहू शकता.

दुसरी गोष्ट पंख्याची. तुम्ही ओघात लिहून गेलात की मंदिरातल्या मधल्या पंख्याच्या पात्यावर तुमच्या सासऱ्यांचं नाव रंगवलेलं आहे, स्मरणार्थ म्हणून, आणि तो बसवला त्या रविवारी नाव वाचलं गेलं तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या दिवशी नाव वाचण्याची गरज काय, असं तुम्हाला वाटलं नव्हतं. मी तुम्हाला कोंडीत पकडत नाही. त्या स्पीकरवाल्या घरालाही कदाचित तसंच भरून आलं असेल, इतकंच सुचवते. आपल्या माणसाचं नाव देवाच्या घरात घेतलं जावं ही भूक पंखा देणाऱ्यालाही असते आणि स्पीकर देणाऱ्यालाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ही शिकवण आपण सगळ्यांनीच मिळून थोडी थोडी सोडली आहे. म्हणून आता बोलाल तेव्हा "त्यांचं नाव का वाचलं" असं म्हणू नका. "आपण नावं वाचणं थांबवू या, आमच्या पंख्यापासून" असं म्हणा. हे ऐकणाऱ्याला तुमच्याकडे गर्व म्हणून बोट दाखवता येणार नाही. सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घ्या. नाव पुसायची गरज नाही, त्यांना दुखवूही नका.

तुम्ही विचारलंत, जळणं म्हणजे गर्व का. मला वाटतं तुमच्यात दोन दुःखं एकमेकांत गुंतली आहेत. एक, मंडळीत पैशावरून मान ठरायला लागला. दुसरं, सतरा वर्षांची वही एका निरोपावर हातातून गेली. पहिलं अन्यायाचं दुःख आहे. दुसरं वियोगाचं, घर सुटल्यासारखं. दुसऱ्यालाही मी गर्व म्हणणार नाही. कोणी "ताई, एवढी वर्षं केलंत" असं दोन शब्द बोललं असतं तर ते निम्मं झालं असतं. पण दुसऱ्या दुःखाचा राग पहिल्यावर चढवून बोललात तर ऐकणाऱ्याला फक्त वहीच दिसेल. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांशी बोला.

वहीचं आधी. तुम्ही त्या सुनेबद्दल एवढंच लिहिलंत की ती शिकलेली आहे आणि शहरातून आली आहे. तिने वही मागितली, असं कुठेही लिहिलेलं नाही. सासरच्यांनी आणि मंडळीच्या वडिलांनी मिळून तिच्या गळ्यात घातली असण्याचीच शक्यता जास्त. नव्या गावात ती कोणाला ओळखत नाही, आणि बायका तिच्यासमोर बोलायच्या थांबत असतील. कोणाची बाळंतपणाची उसनवारी बाकी आहे, कोणाच्या घरी दारूमुळे दहा रुपये वर्गणीही निघत नाही आणि ते चारचौघींत विचारायचं नसतं, हे त्या वहीत लिहिलेलं नाही. ते तुमच्या डोक्यात आहे. एखाद्या दुपारी तिच्याकडे जा. शिकवायला म्हणून जाऊ नका, भेटायला जा. चहा देईल तो प्या. तिथे एकदम "मला वाईट वाटलं" पासूनही सुरू करू नका, ती घाबरेल. आधी विचारा, वही सांभाळणं कसं चाललं आहे. मग ती ज्या घरांबद्दल विचारेल ते सांगा. जमलं तर पुढच्या भेटीत सांगा, मला वही जाताना त्रास झाला, पण तुझ्यावर राग नाही. हे खरं झालेलं असेल तेव्हाच सांगा, ताई. खोटी क्षमा उच्चारायची घाई नको.

आणि तिने तुम्हाला काही करून दिलं, बँकेचा फॉर्म भरून दिला, मुलीचं गणित समजावलं, तर घ्या. येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही त्या रात्री आधी पाय धुऊन घ्यायला नकारच दिला होता. देणाऱ्या माणसाला घेणं जड जातं, आणि सतरा वर्षं तुम्ही देतच आला आहात.

मग मंडळीच्या त्या वडिलांकडे. मत्तयच्या अठराव्या अध्यायातली पायरी आहे, आधी एकट्याने एकट्याशी. उपासनेनंतर ओट्यावर नको, तिथे दहा कान असतात. त्यांच्या घरी जा, बोला तुम्हीच, नवऱ्याला फक्त सोबतीला न्या म्हणजे त्यांनाही अवघड वाटणार नाही. त्यांनी वापरलेला शब्द किती लागला ते शांतपणे सांगा. त्यानंतर मागणी ठेवा, आणि ती एवढी सोपी असू द्या की नाही म्हणायला कारण सापडू नये. अर्पणाची एकूण रक्कम वाचावी, कोणाची किती ते वाचू नये; ज्याची त्याला पावती द्यावी. पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि वर्षाचा जमाखर्च मंडळीसमोर ठेवावा. प्रेषित पौलही यहूदियाच्या गरिबांसाठीची वर्गणी एकट्याने नेत नव्हता. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घ्यायचा, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. हंगामाच्या वस्तू नाव न सांगता एका चादरीवर एकत्र ठेवता येतील. आणि निदान भाजी-धान्य तरी विकण्याऐवजी शिजवून सगळ्यांची पंगत करता आली तर फार बरं. रोडगे, वरण आणि भोपळ्याची भाजी एका पंगतीत जेवताना कोणाचं काय होतं हे कोण विचारतं? खुर्च्या ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना द्याव्यात, मग ते सालदार असोत की स्पीकर देणारे.

हे सगळं एका भेटीत होणार नाही. कदाचित एवढंच होईल की पुढच्या नोव्हेंबरात रकमा वाचल्या जाणार नाहीत. तेवढंही खूप आहे. नाहीच ऐकलं तर दोघीतिघींना घेऊन परत जा, मग पाळकांकडे, म्हणजे पाद्रींकडे, जा. या पत्रासारखा प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांना एक सांगते: जिथे हिशेबच दाखवला जात नाही, किंवा कोणा बाई-लेकराला इजा होते आहे आणि नम्रतेच्या नावाने तोंड बंद केलं जातं, तिथे पायऱ्या मोजत बसू नका. तिथे मंडळीच्या बाहेरची मदत, वेळ पडली तर पोलीसही, हाच योग्य मार्ग. ताई, तुमच्या पत्रात तसं काही मला दिसलं नाही.

म्हणूनच तालुक्याला जायचं का, यावर माझं मत आज तरी नाही असं आहे. तुमचे यजमान तुमचं दुखणं पाहून बोलले, त्यात प्रेम आहे, ते त्यांना बोलून दाखवा. पण जळत असताना घर बदललं तर जळणं सोबत जातं. तुमच्या गावापासून फार दूर नाही त्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं. त्यांच्यात बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि समजत्या वयातच बाप्तिस्मा द्यावा म्हणणारेही होते. हा मतभेद खुर्च्यांहून कितीतरी मोठा. त्यांनी दोन्ही रीती एका छताखाली राहू दिल्या. त्यासाठी वर्षानुवर्षं बोलणी झाली, प्रत्येकाने आपलं जुनं नाव सोडलं. सहवास टिकवायला वेळ देण्याची ही उमेद आपल्याच मातीत दाखवली गेली आहे. तुम्ही अजून एकच संभाषण केलं आहे, तेही अर्धवट. बोलून, थांबून, वर्षभराने तुम्हाला वाटलं की इथे श्वास घेता येत नाही, तर जा, आणि सांगून जा. त्यात पाप नाही.

प्रभुभोजन मात्र सोडू नका. मन साफ नाही म्हणून घेत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःची परीक्षा करून मग खा, असं आहे. परीक्षा करून मागे बसा असं नाही. शिवाय तो सगळा भाग लिहिला गेला तोच मुळी करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत म्हणून. तुमच्यासारख्या दुखावलेल्या माणसासाठीच ती जागा मोकळी ठेवलेली आहे. आणि ती भाकर ते वडील देत नाहीत, त्यांच्या हातून फक्त पुढे येते.

शेवटी तुमची मुलगी. ती विचारते, "आई, आपण आता मागे का बसतो?" आणि तुम्ही म्हणालात, "पंख्याखाली गार वाटतं म्हणून बसतो." बारा वर्षांच्या पोरीला ते पटलेलं नाही, हे तुम्हालाही कळतं. तिला सांगा, मला वाईट वाटलं होतं, मी रुसले होते, आता बोलायला जाणार आहे. येत्या रविवारी तिचा हात धरून आधी बसत होतात त्या सतरंजीवर बसा. कोणी वळून पाहिलं तर पाहू द्या. गीत सुरू झालं आणि आवाज निघाला नाही तर नुसते ओठ हलवा, ती गाईल.